बारदानाचं मैदान

कळंबला माझ्या भाच्यानं घरामागच्या मोकळ्या जागेत टर्फ घालायचं काढलं, तेव्हा मी मुद्दाम बॅग भरून तिकडं मुक्कामाला गेले. घरच्यांना वाटलं, आत्याला एकटीला करमत नसेल. मला खरं तर ते काम बघायचं होतं. आधी त्यांनी जमीन सपाट केली, खडी दाबली, मग टेम्पोतून प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताच्या वळकट्या उतरल्या. लग्नघरी सतरंज्या उलगडाव्यात तशा माणसांनी त्या उलगडल्या, जोडाच्या खालून पट्टी घालून चिकट काहीतरी फासलं, वरून वाळू आणि रबराचा काळा चुरा झाडून झाडून बसवला. ‘आत्या, बघा, आता पोरं कितीबी पडली तरी खरचटायचं न्हाय,’ भाचा म्हणाला. मी चपला काढून एक चक्कर मारायला गेले तर ते गवत उन्हानं असं तापलेलं, की दोन पावलांत मागं फिरले. सगळे हसले, मीही हसले. पण तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, मी फार पूर्वी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही. वय झालं की माणूस जेवला नाही तर घरचे रक्तदाब तपासतात. माझाही तपासला.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ढोकीच्या साखर कारखान्यात ते गोदामावर होते आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि मागं घरापेक्षा मोठं परस. परसाला कमरेच्या वरपर्यंत भिंत, भिंतीपलीकडं उसाच्या गाड्यांचा रस्ता. गाळपाचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्याला दिवसरात्र झोप नसायची. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, गाडीवानांच्या हाका, ट्रॅक्टरची धडधड आणि पाळी बदलली की भोंगा. भोंग्यावर आमचं घर चालायचं. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला नाना पायात वहाणा घालायचे. मळीचा आंबूस-गोड वास तर अंगात इतका मुरलेला, की मामाच्या गावी गेलं की पहिले दोन दिवस नाक उगीच रिकामं वाटायचं. दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यावर चिमणीची काजळी पडायची. आई कारखान्याला रोज शिव्या द्यायची आणि रोज कारखान्याच्याच साखरेचा चहा प्यायची. सकाळी शिळ्या भाकरीबरोबर काकवी, दुपारी पिठलं नाहीतर शेंगदाण्याची चटणी, आणि आईचा मूड बरा असला तर धपाटे. आईच्या धपाट्याला तीळ सढळ असायचे. बाकी सगळ्या बाबतीत तिचा हात आखडता, तिळाला मात्र नाही.

मी खो-खो खेळायचे. ‘खेळायचे’ हा शब्द तोकडा आहे. मला दुसरं काही सुचतच नसे. पळणारी म्हणून मी उतरले की पाठलाग करणाऱ्या पोरींना रडकुंडीला आणायचे. वेग माझा काही फार नव्हता, पण हुलकावणी अशी द्यायचे की समोरची हवेत हात मारून पडायची. आमच्या शाळेचे मुलाणी सर खेळ शिकवायचे. उंच, काटक, बोलायला अगदी मऊ. मैदानावर एकदाही ओरडले नाहीत, पण त्यांनी नुसतं शिट्टीला ओठ लावले तरी आम्ही सरळ व्हायचो. त्यांनी मला सूर मारायला शिकवलं आणि तिथंच सगळं सुरू झालं. शाळेचं मैदान मुरमाचं, खड्यांचं. सूर मारला की गुडघे, कोपरं, हनुवटी सगळं सोलून निघायचं. मी घरी यायचे ती रक्ताळलेली. नाना काही न बोलता पितळी वाटीत हळद-तेल कोमट करायचे, मला उंबऱ्यावर बसवायचे आणि कापसानं एकेक खरचट टिपायचे. ‘पोरीची जात हाय, डाग राह्यले तर?’ असं शेजारच्या बायका आईला ऐकवायच्या. नानांना डागांचं काही नव्हतं. मी ‘स्स’ केलं की ते फुंकर घालायचे.

एक दिवस ते म्हणाले, ‘सुले, परसातच मैदान करू की.’ मला वाटलं, असंच बोलतायत. पण नानांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते तडीस नेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. गोदामात साखरेची पोती फाटली की ते फाटकं बारदान कारखाना ढिगानं विकून टाकायचा. नानांनी त्यातलं बैलगाडीभर रीतसर विकत घेतलं आणि परसात आणून ओतलं. आईनं कपाळाला हात लावला. ‘ह्या बारदानात काय मला गुंडाळून ठिवायचंय का?’ ती म्हणाली. नाना म्हणाले, ‘जमिनीवर अंथरायचं. आपली पोरगी त्याच्यावर पळंल. कितीबी पडली तरी खरचटायचं न्हाय.’

मग तो सगळा हिवाळा आमच्या परसात जे काही चाललं, त्याला मी आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ म्हणते. आधी बोरीचं झाड सोडून सगळी झुडपं निघाली. मुरूम टाकून, पाणी मारून, कारखान्याच्या रस्त्याचा रूळ मागून आणून जमीन दाबली. त्यावर उसाच्या चिपाडाची बारीक राख चाळून पसरली, म्हणजे पायाखाली जरा मऊ लागावं. तोवर आई आणि शेजारच्या खैरूनचाची पोती उसवायच्या कामाला लागल्या होत्या. खैरूनचाचींचे यजमान बॉयलरवर होते, त्यांच्या आणि आमच्या परसात एकच भिंत, आणि त्या भिंतीवरून वाटीनं वाटीनं दोन्ही घरांचं कालवण इकडं-तिकडं जायचं. पोतं शिवणीवरून उसवायचं, उलटं करून झटकायचं, हौदात भिजवून धोपटायचं, आणि मग दाभण-सुतळीनं एकाला एक जोडायचं. दोघींच्या बोटांना घट्टे पडले. खैरूनचाची शिवता शिवता म्हणायच्या, ‘माझ्या निकाहच्या शामियान्याला बी एवढे टाके घातले नसतील गं माय.’ आई हसायची. आई अशी मोकळी हसलेली मला फार वेळा आठवत नाही, पण त्या हिवाळ्यातली आठवते.

एक चूक मात्र झाली. साखरेची पोती ती. कितीही धोपटली तरी धाग्यात गोडवा राहिलाच. मैदान अंथरून झालं, कडा चरात गाडून वर विटा ठेवल्या, मधे जागोजागी वाकवलेले खिळे ठोकले, दोन टोकांना बाभळीचे तासलेले खांब रोवले, चुन्यानं रेघा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळं मैदान काळं. जिल्ह्यातल्या सगळ्या मुंग्यांना आवतण गेल्यासारखं. मी पहिला पाय ठेवला आणि किंचाळत आत पळाले. नाना कंबरेवर हात ठेवून उभे. मग त्यांनी चुलीवर मोठं पातेलं चढवलं, आणि ते, आई आणि खैरूनचाची दिवसभर उकळतं पाणी आणून ओतत राहिले. बारदान आटलं, ताणलं गेलं आणि ढोलावरच्या चामड्यासारखं घट्ट बसलं. नाना म्हणाले, ‘बघा, मुंग्यांनी आपलंच काम केलं.’ असं होतं त्यांचं. नुकसानीतनंही फायदा काढून दाखवायचे.

त्या मैदानावर मी जे शिकले ते शाळेच्या मैदानावर शिकले नसते. पडायची भीती गेली की अंग मोकळं होतं. कॉलनीतल्या पोरी शाळा सुटली की दप्तर टाकून आमच्याकडं यायच्या. खैरूनचाची भिंतीपलीकडून शेंगा भाजून द्यायच्या. मुलाणी सर आठवड्यातनं एकदा सायकलवरून यायचे, नानांबरोबर चहा घ्यायचे, आणि मला पळताना बघून चहा थंड करायचे. नाना पाळी संपली की तसेच धुळीच्या कपड्यांत बाजेवर बसायचे. खेळ त्यांना धड कळत नव्हता. मी बाद झाले तरी ते टाळ्या वाजवायचे आणि पोरी फिदीफिदी हसायच्या. आज मागं वळून बघताना मला एक गोष्ट दिसते, तेव्हा कुणालाच दिसली नाही. मैदान घरात आलं तसं माझं बाहेर जाणं हळूहळू बंद झालं. आधी शाळा सुटल्यावरचा सराव सुटला. ‘इथं चांगलं मैदान असताना तिकडं खड्यात कशाला?’ मग शेजारच्या तेर गावाला सामना होता, तोही गेला. ‘त्यांनाच इकडं बोलव की.’ त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. नाना हे सगळं इतक्या मायेनं म्हणायचे की माझंही त्यात काही गेलं असं मला वाटायचं नाही.

जिल्ह्याच्या संघाची निवड लागली ती धाराशिवला. नाना नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘त्यांनाच इकडं बोलवा, मैदान हाय की.’ दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. मुलाणी सरांनी नेलं नाही. निवड करायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या आणि त्या कळंबच्या शाळेतल्या मुली बघायला जाणार होत्या. वाटेत ढोकीला अर्धा तास थांबायला सरांनी त्यांना राजी केलं. त्या दिवशी आमच्या घरात सणाचा घाट होता. आईनं धपाटे केले, दही लावलं, गुळाची पोळी केली. नानांनी रजा टाकून मैदानावर सकाळी सकाळी पाणी शिंपडलं.

बाई जीपमधून उतरल्या. नऊवारी-सहावारीच्या आमच्या जगात साडीखाली कॅनव्हासचे बूट घातलेली बाई मी पहिल्यांदा बघितली. त्यांनी बूट काढले, बारदानावरून अनवाणी चालून बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि विचारलं, ‘हे कुणी केलं?’ नाना लाजले. खरंच लाजले, नव्या नवरदेवासारखे. मग मी पळाले. कॉलनीतल्या पोरी पाठलागाला होत्या, शाळेतल्या दोन चांगल्या खेळाडूही सरांनी आणल्या होत्या. त्या अर्ध्या तासाबद्दल मी फार सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्या दिवशी मला कुणी शिवू शकलं नाही, आणि तसा दिवस माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही.

बाई हात पुसत बाजेवर बसल्या. म्हणाल्या, ‘मुलगी संघात आहे असं समजा. सोमवारपासून धाराशिवला कॅम्प, तिथंच राहायचं. मग संघ बाहेरगावी सामन्यांना जाईल. मी स्वतः सोबत असेन.’ माझ्या कानात भोंगा वाजत होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि नानांकडं बघत होते. नानांनी एकदा मैदानाकडं बघितलं. मग म्हणाले, ‘कॅम्प हितंच घ्या की. बारा पोरी असल्या तरी काय झालं, आमी जेवू घालू. मैदान हाय.’ बाई हसल्या. मग ते थट्टेनं म्हणत नाहीत हे लक्षात येऊन गंभीर झाल्या. ‘दादा, घरातलं मैदान सरावाला. सामना खेळायला समोर दुसरं गाव लागतं.’

नाना म्हणाले, ‘मग आमचं काय जमायचं न्हाय.’

बाईंनी आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. ‘ठीक आहे,’ त्या म्हणाल्या, ‘वडील म्हणून तुमच्या शब्दाचा मी मान ठेवते.’ बूट घातले, आईला ‘धपाटे फार छान होते’ म्हणाल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मुलाणी सर उठताना एकदा नानांकडं बघत थांबले, पण जीप सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्यांच्यासमोर रडले तेव्हा ते म्हणाले, ‘बेटा, बाप हायेत ते तुझे. त्यांनी न्हाय म्हणल्यावर मी कोण पुन्हा बोलणार? बरं दिसंल का?’ त्यांचाही सभ्यपणाच. आमच्या भोवतीची सगळी माणसं सभ्य होती, हेच माझं नशीब म्हणायचं.

आई मात्र पेटली होती. चार दिवस ती नानांशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. ‘तुझ्या बापाला भाकरी वाढ,’ असं मला सांगायची आणि नाना समोरच बसलेले असायचे. रविवारी मी विहिरीवरून घागर घेऊन आले तर परसातनं फर्रर्र, फर्रर्र असा आवाज. आई मैदानाच्या मधोमध बसली होती आणि दाभणानं स्वतःचेच टाके उसवत होती. खैरूनचाची भिंतीवरून म्हणत होत्या, ‘नको गं, नको गं माय, हाताला लागंल.’ आईच्या बोटांतनं खरंच रक्त येत होतं. नाना पाळीवरून आले तोवर निम्मं मैदान सुटं होऊन पडलं होतं आणि खालची राख वाऱ्यानं उडत होती.

‘हे काय केलंस?’ नाना म्हणाले.

‘मैदान हाय, मैदान हाय म्हणत हुता न्हवं? आता न्हाय. आता पोरीनं कुठं खेळायचं ते सांगा.’

मला आजही वाटतं, नाना तेव्हा ‘जाऊ दे तिला’ म्हणायच्या अगदी काठावर होते. त्यांचे ओठ हलले. पण भिंतीवर खैरूनचाची, रस्त्यावर थांबलेले दोन गाडीवान, आणि समोर त्यांनी हौसेनं उभं केलेलं सगळं विस्कटलेलं. ते म्हणाले, ‘मैदानच न्हाय म्हणल्यावर खेळ कसला?’ आणि हातपाय धुवायला गेले. सोमवारी संघ कॅम्पला लागला. माझ्या जागी कळंबची एक मुलगी गेली. ती पुढं राज्याकडून खेळली असं मी ऐकलं आणि मला तिचा हेवा वाटला, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

बारदानाचं पुढं काय झालं? काही तुकडे धान्याखाली गेले, काही पावसाळ्यात गळक्या कौलांवर, एक खैरूनचाचींच्या शेळीच्या पाठीवर. मी शाळेच्या मैदानावर पुन्हा गेले, पण काहीतरी तुटलं होतं. सूर मारायच्या वेळी अंग मागं ओढायचं. मग मॅट्रिक, डी.एड., लग्न, आणि मास्तरीणबाई म्हणून अख्खी नोकरी. शाळेत दरवर्षी विचारायचे, खेळाचं कोण बघणार? मी दरवर्षी खाली मान घालून वह्या तपासायचे. नानांशी मी कधी भांडले नाही. त्यांच्यावर माझी माया होती आणि ती कधी कमी झाली नाही, एवढं खरं. फक्त त्या दिवसाविषयी आम्ही दोघं कधी बोललो नाही. आई गेली तेव्हाही नाही.

नाना नव्वदीला टेकले तेव्हा कळंबला माझ्या भावाकडं होते. नजर गेली होती, कान शाबूत होते. मी सुट्टीत गेले की त्यांच्या पायांना तेल लावत बसायचे. असंच एकदा सकाळी, ओसरीवर ऊन आलेलं, आणि ते एकदम म्हणाले, ‘सुले, ती बुटवाली बाई पुन्हा आली न्हाय.’

मला कोण ते लगेच कळलं. माझा हात थांबला. ‘पुन्हा कशाला येतील, नाना? तुम्ही न्हाय म्हणला होता.’

‘म्हणलो की. पोरीला मागणी आली तरी पयल्या खेपेला कुणी व्हय म्हणतं का? लोक म्हणतील, बापाला जड झाली हुती. एकदा न्हाय म्हणायचं असतं. मग ते पुन्हा इचारत्यात, मग आपुन इचार करून व्हय म्हणायचं. मला वाटलं, बाई फिरून येतील. न्हायतर मुलाणी मास्तर येतील. मी रईवारपस्तोर वाट बघितली.’

‘आणि आई?’

‘तिनं बारदान उसवलं. ते काय इचारणं झालं?’ ते म्हणाले. ‘तू बी इचारलं न्हाईस.’

त्यांच्या आवाजात दोष नव्हता, तक्रार नव्हती. पण इतकी वर्षं मी ज्याला नकार म्हणून उराशी धरून बसले होते, तो अर्धाच होता, हे ऐकून माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, आणि त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी ते पुसलंही नाही. पुण्याच्या बाईंना आमची रीत माहीत नव्हती. मुलाणी सरांना माहीत होती, पण ते परक्या घरात बोलायला संकोचले. आईचा राग आधी उठला. आणि मी पंधरा वर्षांची, नाही म्हणजे नाही असं समजणारी. एवढीशी गोष्ट. कुणीतरी दुसऱ्यांदा एक वाक्य बोलायला हवं होतं.

नाना माझ्या हाताचा अंदाज घेत चाचपडले. माझं मनगट त्यांच्या हाताला लागलं तेव्हा त्यांनी ते धरलं. म्हणाले, ‘मग आता इचार की.’

मला आधी हसू आलं. माझे गुडघे तेव्हा जिना चढताना कुरकुरत होते, मला नातू झाला होता. पण ते मान वर करून वाट बघत होते, ऐकू येईल अशा बेतानं डोकं जरा माझ्याकडं वळवून.

मी म्हणाले, ‘नाना, मी धाराशिवला कॅम्पला जाऊ?’

त्यांनी रीतीप्रमाणं थोडा विचार केला.

‘जा,’ ते म्हणाले. ‘सकाळच्या गाडीनं जा, म्हंजे उजेडात पोचशील.’